शाळा-कॉलेज सांभाळून कोंबड्या: जंगलाशेजारच्या गावातल्या पोरापोरींसाठी

कोंबड्या पाळतो म्हटलं की गावात दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक, "अभ्यास कर बाप्पा, कोंबड्या कायले राखतं?" दुसरी, "राहू दे, मुंगूस नेते साऱ्या." दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. पोरं हौसेनं कोंबड्या आणतात, शाळा सुरू झाली की त्या आजीच्या गळ्यात पडतात आणि दिवाळीपर्यंत दोन-तीन उरतात.

हे टाळता येतं. मात्र एक गोष्ट पहिल्याच दिवशी मान्य करावी लागते: दिवसाचा मोठा भाग तुम्ही घरी नसणार. सकाळी मानव विकासची निळी बस पकडायची, नाहीतर सायकलनं तालुक्याला जायचं. आई-बाबा वावरात, आजी दुपारी पडवीत झोपलेली. म्हणून खुराडा, दाणापाणी, पिलं काढायची वेळ हे सगळं आपल्या गैरहजेरीच्या हिशेबानं ठरवायचं. मी चंद्रपूर जिल्ह्यात जंगलाला लागून असलेल्या गावात दहावीपासून बी.एस्सी. होईपर्यंत कोंबड्या ठेवल्या. पुढचं सगळं त्यातलं आणि गावातल्या जुन्या बायकांकडून शिकलेलं. कोंबड्यांचं खरं शास्त्र त्यांच्याकडेच आहे.

सुरुवात कधी करायची

बहुतेक जण उन्हाळी सुट्टीत सुरुवात करतात, कारण तेव्हा वेळ असतो. कोंबड्यांसाठी तो वर्षातला सगळ्यात वाईट काळ. मे महिन्यात आपल्याकडे अंडी खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली जायच्या आधीच उन्हानं बिघडतात, आणि पिलं निघालीच तर ती मोठी व्हायला पावसाळ्याची ओल मिळते.

सुरुवात दसऱ्यानंतर करा. ऑक्टोबरच्या शेवटी अंडी बसवली तर एकवीस दिवसांनी, नोव्हेंबरच्या मध्यात पिलं निघतात. फेब्रुवारी-मार्चात बोर्डाची परीक्षा येईतो ती तीन महिन्यांच्या पुढे गेलेली असतात आणि आपली आपण चरतात. पिलांचे सगळ्यात नाजूक तीन-चार आठवडे दिवाळीनंतरच्या दिवसांत निघून जातात, सराव परीक्षेच्या आधी.

पहिल्या वर्षी अंड्यावर आलेल्या चार-पाच कोंबड्या आणि एक कोंबडा पुरे. पैसे नसतील तर गावातली जुनी रीत आहेच: कोणाची तरी खुडूक कोंबडी अर्ध्या वाट्यानं घ्यायची, पिलं निम्मी त्यांची, निम्मी तुमची. आठवडी बाजारातून शक्यतो आणू नका. दहा गावच्या कोंबड्या तिथे एका डालग्यात कोंबलेल्या असतात आणि मानमोडीचा साथरोग बहुतेक तिथूनच घरी येतो. आणल्याच तर दोन-तीन आठवडे घरच्या कोंबड्यांपासून लांब बांधून ठेवा.

जात कोणती, हा प्रश्न सगळे विचारतात. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, त्यातही मध्येच खुडूक होऊन बसते. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, कावेरी यांसारख्या सुधारित जाती याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त देतात आणि वजनालाही चांगल्या. पण त्यांना खुडूक बसायची सवय फारशी राहिलेली नाही, खाणं जास्त लागतं, आणि अंग जड असल्यानं शिक्रा आला की त्या पळतच नाहीत. जंगलाशेजारच्या गावात मी गावठीच सुचवेन. तिला पंख आहेत हे तिला ठाऊक असतं. कडकनाथचं नाव ऐकून महागडी पिलं घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की आधी एक वर्ष गावठी सांभाळून बघा.

खुराडा

इथे पैसा आणि वेळ दोन्ही खर्च करा, बाकी कुठे नाही केले तरी चालेल.

जागा घराच्या भिंतीला लागून, जिथे तुम्ही अभ्यासाला बसता त्या खिडकीखाली असेल तर उत्तम. रात्री कोंबड्या फडफडल्या तर तुम्हाला ऐकू आलं पाहिजे. तुराट्यांचा ढीग, पऱ्हाट्यांची रास, जुन्या विटा यांच्यापासून लांब, कारण मुंगूस आणि साप दोघांचा मुक्काम तिथेच असतो. दार पूर्वेला केलं तर सकाळचं ऊन आत येतं आणि पावसाची झड कमी लागते.

आठ-दहा कोंबड्यांना चार फूट बाय तीन फूट खुराडा पुरतो. रात्रीच्या मुक्कामाला कोंबडीमागे साधारण एक ते सव्वा चौरस फूट धरतात. तळ जमिनीपासून दोन-अडीच फूट वर, बांबूच्या कमच्यांचा, बोट जाईल एवढ्या फटी ठेवून. विष्ठा खाली पडते, आत ओल आणि वास राहत नाही, आणि खाली पडलेलं खत वांग्याच्या वाफ्यात जातं. आपल्याकडे बांबू आहे, बुरडाचं काम करणारी माणसं आहेत. तळ आणि डालगी त्यांच्याकडून करून घ्या.

जाळीच्या बाबतीत काटकसर नको. दुकानात कोंबडीजाळी म्हणून षटकोनी भोकांची पातळ जाळी मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डिंगची जाळी घ्या. एक इंचाच्या भोकातून सापाचं पोर सहज जातं, आणि कडेला झोपलेल्या पिलाचा पाय रानमांजर बाहेरून ओढून तोडतं. नायलॉनची मासे धरायची जाळी कुठेही लावू नका. तिच्यात साप अडकतो आणि सकाळी अडकलेला, चिडलेला नाग सोडवायची पाळी येते.

छपराला टिन टाकलं तर त्यावर तणसाचा किंवा तुराट्यांचा जाड थर हवाच. दाराला नुसती दोरी नको, कडी आणि कडीत खिळा. उदमांजर वरून येतं, म्हणून छप्पर आणि भिंत यांच्यामधली फट बुजवलेली हवी. खुराड्याचे पाय जुन्या डब्यात उभे करून डब्यात थोडं जळकं ऑइल ओता, लाल मुंग्या वर चढत नाहीत. हेच ऑइल बसायच्या दांड्याला फासलं की पिसवा कमी होतात आणि उधईही लागत नाही. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात ते फुकट मिळतं.

खुराड्याला लागून दहा बाय सहा फुटांचा जाळीचा वाडगा करा, वरूनही झाकलेला. शाळेच्या दिवशी कोंबड्या याच वाडग्यात राहतील. लोक म्हणतील, गावठी कोंबडीला कोंडता कशाला? ज्यांच्या घरी दिवसभर माणूस आहे त्यांनी खुशाल मोकळ्या सोडाव्यात. तुमच्याकडे तो नाही.

रोजचं काम

सकाळी उठल्यावर लगेच खुराडा उघडू नका. थोडं उजाडू द्या, रानमांजर आणि कोल्हा घराकडे परतायची ती वेळ असते. तोंड धुवून झालं की दार उघडा, कोंबड्या वाडग्यात येतात. पाण्याचं भांडं घासून नवं पाणी भरा, मूठभर दाणे टाका, अंडी गोळा करा. दहा-पंधरा मिनिटांचं काम.

शाळेतून परत आलं की सूर्य मावळायच्या तास-दीड तास आधी वाडग्याचं दार उघडायचं. ही युक्ती खूप उपयोगाची आहे. त्या वेळी सुटलेली कोंबडी लांब जात नाही, कारण अंधारात तिला दिसत नाही आणि ते तिला माहीत असतं. ती अंगणात, उकिरड्यावर, सांदवाडीत चरते, किडे-गवत खाते आणि दिवेलागणीला आपसूक खुराड्यात शिरते. तेवढ्या वेळात अंगणात खाट टाकून वाचत बसा.

संध्याकाळचे दाणे मात्र खुराड्याच्या आतच टाका. मोठा घास आत मिळतो हे एकदा कळलं की कोंबड्या हाकायला लागत नाहीत. मग मोजायच्या, दार लावायचं, खिळा घालायचा. दार लावणं हे एकच काम असं आहे जे उद्यावर टाकता येत नाही. बस उशिरा येणार असेल तर ते कोणाकडे सोपवलं आहे हे सकाळीच ठरलेलं हवं. "कोणीतरी लावेल" या भरवशावर गावातल्या जितक्या कोंबड्या गेल्या, तितक्या रोगानंही गेल्या नसतील.

रविवारी एक तास: खुराड्याखालचं खत काढणं, चुना भुरभुरणं, दांडे पुसणं, आणि कोपऱ्यात राख व कोरडी माती मिसळून खड्डा भरणं. कोंबड्या त्यात लोळतात, अंगावरच्या उवा त्यांच्या त्याच काढतात.

दाणापाणी, आणि आपल्या पिकांतले धोके

चरणाऱ्या कोंबडीला वरून रोज तीस-चाळीस ग्रॅम दाणा पुरतो. वाडग्यातल्या कोंबडीला याच्या दुप्पट तरी. तांदळाची कनकी, ज्वारी, मक्याचा भरडा, कोंडा, घरातलं उरलंसुरलं. अंड्याची टरफलं भाजून बारीक चुरून द्या म्हणजे कवच घट्ट येतं. चुरा बारीकच हवा, नाहीतर कोंबडीला अंडी फोडून खायची चटक लागते.

सोयाबीन आपल्या घरोघरी असतं, म्हणून सांगतो: कच्चं सोयाबीन देऊ नका. त्यातल्या घटकांमुळे कोंबडीला प्रथिनं पचत नाहीत आणि ती खाऊनही वाळते. चांगलं भाजून भरडलेलं चालतं. सरकीच्या ढेपेनं अंड्याचा बलक हिरवट पडतो, गिऱ्हाईक परत करतं. बुरशी आलेला मका, काळे पडलेले शेंगदाणे "कोंबड्यांना टाकू" म्हणून बाजूला ठेवले जातात. त्या बुरशीचं विष कोंबडीचं यकृत खातं.

पेरणीच्या दिवसांत आणखी जपा. गुलाबी-लाल रंग लावलेलं बियाणं औषध चोळलेलं असतं. पेरून उरलेलं पोतं अंगणात झटकलं की कोंबड्या मरतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी चालू असते. फवारलेल्या वावरातले मेलेले किडे वेचणारी कोंबडी घरी येऊन मान टाकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते औषध कोंबडीला काय सोडणार? पंपाचं पाणी जिथे ओतलं तिथे कोंबड्या जाऊ देऊ नका आणि अशा दिवसांत वाडगा बंदच ठेवा.

खुडूक कोंबडी आणि पिलं

गावात चोवीस तास वीज असती तर मी बल्बचं ब्रूडर सांगितलं असतं. पहिल्या आठवड्यात पिलाला पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. रात्री दोनला लाइन गेली की सगळी पिलं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणं तर पिलांना आणि तुम्हाला दोघांना जीवघेणं. खुडूक कोंबडीला वीज लागत नाही.

कोंबडी खुडूक झाली की जागेवरून उठत नाही, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरते. तिला संध्याकाळनंतर, अंधारात, शांत कोपऱ्यातल्या टोपल्यात बसवा. खाली राख, वर तणस, आणि दहा-बारा अंडी. तिच्या पोटाखाली मावतील तेवढीच. अंडी आठवड्याभरापेक्षा जुनी नकोत. दिवसातून एकदा ती पंधरा-वीस मिनिटं उठते, खाते, पाणी पिते, ढीगभर हगते आणि परत बसते. नाहीच उठली तर तुम्ही उचलून बाहेर काढा, काही कोंबड्या उपाशी बसून राहतात.

सातव्या रात्री अंडी तपासा. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च लावायचा, त्यावर मुठीची नळी करायची आणि अंड्याचा बोथट भाग तिच्यावर टेकवायचा. जिवंत अंड्यात लाल बारीक शिरांचं जाळं दिसतं, मध्ये एक गडद ठिपका, आणि नीट धरलं तर तो ठिपका हलतो. कोरं अंडं नुसतं पिवळसर उजळतं. कोरी बाजूला काढा. बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात गर्भाच्या आकृत्या पाठ करणाऱ्यांनी हे एकदा तरी बघावं. प्रकल्पवही लिहायची असेल तर विषय शोधत फिरायची गरजच नाही: अंडं कधी घातलं, कधी बसवलं, किती कोरी, किती निघाली.

पिलं निघाल्यावर पहिले तीन-चार आठवडे आईसकट डालग्याखाली, नाहीतर वाडग्यात. पाण्याचं भांडं उथळ असावं, त्यात खडे टाकावेत, पिलं बुडून मरतात. आणि उधई! एका मडक्यात ओलं शेण, काडीकचरा, फाटक्या पोत्याचा तुकडा कोंबायचा आणि जिथे उधई दिसते तिथे संध्याकाळी पालथं घालायचं. दुसऱ्या दिवशी मडकं उचललं की आत पांढरी वळवळ. पिलांपुढे आपटा आणि बघत राहा. असा पौष्टिक खुराक बाजारात विकत मिळत नाही.

लस

गावठी कोंबडीला रोग होत नाही, हे खोटं आहे. मानमोडी आली की आठवड्यात गल्ली साफ होते. सरकारी कागदांत तिला राणीखेत म्हणतात. पिलू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटाचा (मानमोडीच्या लसीचा) एक थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात परत लासोटा, सहा-सात आठवड्यांनी देवीची लस, आणि आठ-दहा आठवड्यांनी आर-टू-बी चं (मानमोडीच्याच दुसऱ्या लसीचं) इंजेक्शन. शेवटची दोन पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या माणसाकडूनच करून घ्या.

अडचण अशी की लसीची बाटली शंभर किंवा जास्त मात्रांची येते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. तुमची पिलं दहा. म्हणून टोल्यातल्या चार-पाच घरांना सांगून ठेवा, सगळ्यांची पिलं एकाच रविवारी. लस थर्मासमध्ये बर्फ घालून आणा. आजारी पिलाला देऊ नका. हे काम कॉलेजचं पोरगं करतं तेव्हा गावातल्या बायका आधी हसतात, पुढच्या वेळी स्वतःच विचारायला येतात.

एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे-जांभळे पडले, तोंड सुजलं, तर हात न लावता दवाखान्यात कळवा. पशुसंवर्धन खात्याची १९६२ ही हेल्पलाइन आहे. मेलेली कोंबडी नाल्यात किंवा जंगलाकडे भिरकावू नका. खोल खड्डा, वर चुना, वर माती, वर दगड. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट दगावले, आणि तपासणीत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. कोंबडीचा रोग कोंबडीपाशीच थांबतो असं समजू नका.

कोण येतं, कधी येतं

सगळ्यात आधी तुमच्या कोंबड्यांचं ऐकायला शिका. घार किंवा शिक्रा वर दिसला की कोंबडा एक लांब, बारीक किंकाळी काढतो, पिलं जागच्या जागी थिजतात, कोंबडी मान आडवी करून एका डोळ्यानं आभाळाकडे बघते आणि अंगण चिडीचूप होतं. जमिनीवरून काही आलं तर उलट: कट-कट-कट-कटाक असा कलकलाट, थांबतच नाही, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. पुस्तकातून डोकं वर न काढताही वर बघायचं की झुडपाकडे, हे कळतं.

मुंगूस दिवसा येतं, बहुतेक सकाळी आणि दुपारी सामसूम असताना. एकाच वेळी दोन-तीन पिलं मारून एखादंच नेतं. त्याला मारायचं नाही, ढीग हलवायचा. वाडग्याच्या कडेनं जमिनीत फूटभर जाळी पुरा किंवा फरशा टाका, खालून उकरता येत नाही. घोरपडीला अंडी हवी असतात. ती दिसली तर काठी घेऊन धावणारे पोट्टे गोळा होतात, त्यांना थांबवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तिला बिबट-वाघाइतकंच संरक्षण दिलेलं आहे. तसंच रानकोंबडीची, तितराची, मोराची अंडी आणून खुडूक कोंबडीखाली ठेवायचा उद्योग करू नका. तो गुन्हा आहे.

शिक्रा पिलांवर येतो, मोठ्या कोंबडीच्या नादी सहसा लागत नाही. अंगणात लपायला जागा हवी: तुरीची दोन ओळ, कढीपत्ता, आडवी टाकलेली खाट. रानमांजर सांज-सकाळी, उदमांजर रात्री. कोल्हा हिवाळ्यात जास्त. आणि खरं सांगायचं तर या सगळ्यांपेक्षा जास्त कोंबड्या गावातली मोकाट कुत्री नेतात. नाव मात्र वाघरू-बिघरूचं होतं.

साप कोंबडीसाठी कमी आणि उंदरांसाठी जास्त येतो. रात्री दाणे सांडलेले राहिले की उंदीर, उंदरांमागे धामण आणि नाग. म्हणून दाणा झाकणाच्या पिप्यात, आणि संध्याकाळी सांडलेलं झाडून घ्या. नाग आणि धामण अंडी-पिलं खातात, हे खरं. वर्धा भागात भारतीय अंडीखाऊ साप हा फार दुर्मीळ साप सापडलेला आहे. त्याचं नाव ऐकून घाबरू नका, तो बारीक पाखरांची अंडी गिळतो, तुमच्या कोंबडीचं अंडं त्याच्या तोंडात मावणार नाही. अंडी काढताना टोपल्यात हात घालू नका. आधी टॉर्च, मग काठीनं तणस हलवा, मग हात. पावसाळ्यात पायात बूट. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा. चावलाच तर घट्ट बांधणं, चिरणं, मांत्रिक यांत वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय हलवू न देता १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखान्यात. प्रतिविष तिथे मिळतं.

आता बिबट आणि वाघ. ताडोबा, मेळघाट, पेंच, नवेगाव-नागझिरा, उमरेड-कऱ्हांडला यांच्या आजूबाजूच्या गावांना हे सांगायला नको, पण बाहेरून आलेल्यांना सांगावं लागतं. बिबट मुळात कुत्र्याच्या नाहीतर शेळीच्या मागावर गावात येतो, वाटेत कोंबडी मिळाली तर सोडत नाही. कोंबड्यांची आतडी-पिसं अंगणाजवळ टाकली की कुत्री गोळा होतात, आणि कुत्री गोळा झाली की तो येतो. बिबट खुराड्यात किंवा गोठ्यात शिरलेला दिसला तर दार लोटायला पुढे जाऊ नका, मोबाइल घेऊन गर्दी करू नका. घरात जा, दार लावा, वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर सांगा.

वाघ कोंबडीसाठी येत नाही. धोका वेगळाच आहे. संध्याकाळी एक कोंबडी कमी भरते आणि पोरगं तिला शोधत नाल्याकाठच्या झुडपात वाकून शिरतं. मोहफुलं वेचणाऱ्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्या माणसांवर हल्ले होतात तेही असंच, वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही. दिवेलागणीनंतर हरवलेली कोंबडी शोधायला जायचं नाही. ती झाडावर बसली असेल तर सकाळी येईल, नसेल तर ती गेली.

कितीही राग आला तरी दोन गोष्टी करायच्या नाहीत. मेलेल्या कोंबडीत औषध भरून ठेवायचं नाही आणि वाडग्याच्या तारेत विजेचा करंट सोडायचा नाही. रानडुकरांसाठी सोडलेल्या करंटनं विदर्भात वाघही मेले आहेत आणि रात्री पाण्याला निघालेली माणसंही.

उन्हाळा

ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तेव्हा कोंबडी चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते. खुराड्याला ओली पोती बांधा, पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत, दिवसातून तीनदा बदलून. दाणा सकाळी उजाडताच आणि ऊन उतरल्यावर, दुपारी अजिबात नाही. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, पंचवीस मेच्या सुमारास लागतो. त्या दिवसांत कोंबड्यांना पकडणं, हलवणं, लस देणं सगळं बंद. आणि मार्च संपला की अंडी बसवूच नका.

विक्री, परीक्षेच्या आसपास

नोव्हेंबरच्या पिलांतले कोंबडे धुळवडीला चार महिन्यांचे होतात, किलोच्या आसपास भरतात, आणि आपल्याकडे त्या दिवशी कोंबड्याला जो भाव मिळतो तो इतर वेळी मिळत नाही. श्रावणात आणि नवरात्रात विकायला काढू नका, गिऱ्हाईक नसतं. त्यामधली पोळ्याची कर (पोळ्याचा दुसरा दिवस) तेवढी साधा. परीक्षा सुरू व्हायच्या आधीच गिऱ्हाईक ठरवून ठेवा म्हणजे पेपरच्या आदल्या दिवशी कोणी दारात उभं राहणार नाही. तलंगा (अंड्यावर यायच्या बेतातल्या तरुण कोंबड्या) विकू नका, पुढच्या दिवाळीची पिलं त्यांच्यापासून.

व्यापारी अंगणात येऊन कोंबडा हातात तोलून "आठशे ग्रॅम" म्हणतो. घरात साधा तराजू ठेवा आणि त्याच्यासमोरच वजन करा. शेजारच्या काकाजींना भाव दहा-वीस रुपये कमी लावा, पण उधार देऊ नका. अंडी डझनावर न देता नगावर द्या. वहीत खर्चाच्या बाजूला दाणा, लस, जाळी लिहा आणि जमेच्या बाजूला घरात खाल्लेली अंडीसुद्धा. आईला ती वही दाखवायची वेळ परीक्षेच्या निकालानंतरची असावी.